निवृत्त पाळकांची ऑनलाइन सेवा : किती करावी, कुठे थांबावं?

भिंगारची_पोर

सलाम.

प्रश्न घरातला आहे. घरात विचारून झाला, प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं, म्हणून इथे टाकतेय. ख्रिस्ती सभासद इथे थोडे असतील, पण बाकीच्यांनीही लिहा.

पप्पा पाळक (चर्चचे पास्टर) होते. नगर जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या मंडळ्यांत (म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये) त्यांची सेवा झाली, म्हणजे आमचीही झालीच. पाळकाची बदली झाली की भांड्याकुंड्यांबरोबर पोरांची शाळाही बदलते. पासष्टी भरली तसे नियमाने निवृत्त झाले, पार्सनेज, म्हणजे पाळकासाठीचं चर्चचं घर, सोडलं, आता भिंगारला स्वतःच्या घरात आहोत.

मोबाइलसमोर बोलायची सवय त्यांना २०२० मध्ये लागली. त्या वर्षी उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) १० एप्रिलला होता आणि चर्चला कुलूप. आमच्याकडे येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, दुपारी बारा ते तीन. पप्पांनी सातही जणांकडून फोनवर रेकॉर्डिंग मागवलं आणि ग्रुपवर एकामागून एक टाकलं. एकाच्या मागे कुकरची शिट्टी होती, तीही सगळ्यांनी भक्तिभावाने ऐकली. नोव्हेंबरात प्रार्थनास्थळं उघडली, पुढच्या एप्रिलात परत बंद झाली, ऑक्टोबरात पुन्हा उघडली. पप्पांचं सकाळचं चिंतन मात्र चालूच राहिलं आणि निवृत्तीनंतरही थांबलं नाही. आता यूट्यूब चॅनेल आहे. रोज पहाटे वचन, छोटं चिंतन, प्रार्थना. रविवारी पूर्ण उपदेश.

घोळ रविवारचा आहे. त्यांच्या शेवटच्या मंडळीत आता नवीन पाळक आलेत. तरुण आहेत, मनापासून करतात. लोक सकाळी घरी पप्पांचा उपदेश ऐकतात आणि मग उपासनेला बसून तुलना करतात. काही जण तर येतच नाहीत, "आम्ही ऐकलं साहेबांचं" म्हणतात. व्हिडिओखाली लिहितात, तुमच्यासारखा पाळक पुन्हा होणे नाही. पप्पा ते वाचून खूश होतात. नवे पाळकही ते वाचतात.

मम्मी म्हणते बंद करा. भाऊ म्हणतो वाढवा, खाली देणगीचा क्यूआर टाका. त्यात अंथरुणाला खिळलेल्या दोघातिघांनी ऑनलाइन प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) मागितलंय, परदेशातले काही जण पैसे पाठवतो म्हणतायत, आणि एका व्हिडिओवर गीतामुळे कॉपीराइटचा दावा आलाय. पप्पांना यातलं काहीच नको आहे, फक्त बोलायचं आहे.

कोणाच्या घरी असं झालंय का?

---

नगरी_नग

सलाम ताई. आमची आजी बहुतेक तुझ्याच पप्पांचं ऐकते. पहाटे सहाला. फुल्ल आवाजात. आमच्या आख्ख्या वाड्याचं तारण होणार असं दिसतंय.

प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

---

करवीरकर_मास्तर

मी आमच्या मंडळीच्या कमिटीत अनेक वर्षं आहे, म्हणून जरा कडू लिहितो.

निवृत्त पाळकाने जुन्या मंडळीपासून लांब राहावं ही शिस्त उगीच पडलेली नाही. बऱ्याच ठिकाणी तर पद्धतच अशी आहे की नव्या पाळकाने बोलावल्याशिवाय जुन्याने तिथे बाप्तिस्मा, लग्न, दफनविधी यांतलं काही करायचं नाही. लोक बोलावतातच. "साहेब, मला तुम्हीच बाप्तिस्मा दिला, माझ्या पोरीचं लग्न पण तुम्हीच लावा." तिथे नाही म्हणायला फार बळ लागतं. पूर्वी बदलीचं गाव शंभर किलोमीटरवर असायचं, अंतरच नाही म्हणायचं. आता ते अंतर मोबाइलने खाऊन टाकलं.

सासूने किल्ल्या सुनेच्या हातात दिल्या पण पाट चुलीपुढून हलवला नाही, तर घरात काय होतं? तेच मंडळीत होतं. सासू वाईट असायची गरज नाही. किंबहुना सासू चांगली असली तर जास्तच होतं.

रविवारचा उपदेश बंद करा. आजच.

---

सुकेळी

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे हा पेच जरा वेगळ्या तऱ्हेने सुटतो. पंच्याहत्तरी झाली की प्रमुख धर्मगुरूंनी बिशपांकडे राजीनामा द्यावा अशी अपेक्षा असते. मग फादर निवृत्त धर्मगुरूंच्या निवासात राहतात किंवा एखाद्या पॅरिशमध्ये (धर्मग्रामात) मदतनीस म्हणून. मिस्सा (आमची मुख्य उपासना) अर्पण करायचा त्यांचा अधिकार संपत नाही, संपतो तो कारभार. त्यामुळे "जुने फादर की नवे फादर" हे गावकीत चालतं, पण वेगळी चूल मांडली जात नाही. बायको-पोरं नसल्यामुळे घर कुठे घ्यायचं हाही प्रश्न नाही, हे आपलं माझं अवांतर.

ऑनलाइन संस्काराबद्दल आमच्याकडे उत्तर आधीच तयार होतं. व्हॅटिकनने २००२ मध्येच, यूट्यूब जन्मायच्या आधी, चर्च आणि इंटरनेट या विषयावर दस्तऐवज काढला, त्यात इंटरनेटवर साक्रामेंत (संस्कारविधी) होत नाहीत असं सरळ लिहिलंय. पापनिवेदनही फोनवर नाही. टाळेबंदीत आम्ही टीव्हीवर मिस्सा पाहिली, त्या वेळी कम्युनियन (तुमचं प्रभुभोजन) मिळत नाही म्हणून मनातल्या मनात ते स्वीकारण्याची प्रार्थना म्हणायचो. माझ्या आईला ती प्रार्थना अजून पाठ आहे आणि गुडघ्यांमुळे ती आता रोज तीच म्हणते. पण महिन्यातून एकदा पॅरिशमधून कम्युनियन घरी घेऊन येतात. त्या दिवशी ती सकाळपासून नवी साडी नेसून बसते. स्क्रीनने हे होणार नाही.

तुमच्या चर्चमध्ये नियम काय ते मला ठाऊक नाही, पण आजारी माणसाच्या घरी कोणीतरी प्रत्यक्ष जावं असं मला वाटतं.

---

भिंगारची_पोर

@करवीरकर_मास्तर, कडू आहे पण मम्मीने वाचून दाखवायला लावलं, दोनदा.

@सुकेळी, पप्पांचंही तेच मत आहे. प्रभुभोजन एकत्र टेबलाभोवतीचं, आणि ते द्यायचं त्या मंडळीच्या पाळकाने. त्यांची अडचण अशी की ज्यांनी मागितलं त्यांच्याकडे सहा महिन्यांत कोणी फिरकलेलं नाही. नव्या पाळकांकडे तीन गावं आहेत आणि एक मोटारसायकल. दोष कोणाला द्यायचा?

---

खिळेजुळारी

मी ख्रिस्ती नाही, छपाईच्या इतिहासाचा नाद आहे म्हणून डोकावतोय.

"पाळकाने कॅमेऱ्यासमोर कशाला यावं" या सुराला माझं उत्तर : तुमच्या नगरच्याच लोकांनी हे आधी केलंय. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली नगरहून निघालं. त्या काळी छापखाना म्हणजे आजचं यूट्यूबच, आणि सनातनी मंडळींना तो तितकाच संशयास्पद वाटत होता. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात थॉमस ग्रॅहमने मराठी-देवनागरी टाइप घडवले. त्याच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला. म्हणजे उपदेश पसरवायला आणलेल्या यंत्रावर शिकलेल्या हातांनी पुढे अख्खे संस्कृत ग्रंथ छापले. तंत्र कोणाच्या मालकीचं राहत नाही.

मला जास्त जवळचं उदाहरण ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं वाटतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्नच्या पुढे. पगार सोडला, साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांनाही त्यात जागा. ९ मे १९१९ ला ते गेले, म्हणजे हे सगळं दोनच वर्षांचं. पण ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचं संपादन ते १९१२ पासून करत होते, ते मात्र अखेरपर्यंत सोडलं नाही. नोकरी संपली, लेखणी चालू. आणि लक्षात घ्या, ते मिशनच्या चर्चच्या दारात दुसरं चर्च मांडून बसले नाहीत. निराळ्या लोकांकडे गेले.

---

रोखठोक

टिळकांची गोष्ट वेगळी हो. आज यूट्यूब उघडलं की काय दिसतं? चकचकीत कोट, मागे निळा प्रकाश, "हा व्हिडिओ स्किप केलात तर आशीर्वाद हुकेल". खाली क्यूआर. कॅन्सर बरा झाल्याच्या साक्षी. माझ्या मावशीने एका अशा चॅनेलच्या नादाने शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या. सगळ्याच धर्मांत हा बाजार आहे, मान्य. पण त्या बाजारात एका सज्जन पाळकाने दुकान लावायचंच कशाला?

---

रात्रपाळी

@रोखठोक, कारण त्या बाजारात सज्जन माणूस नसेल तर माझ्यासारखीने ऐकायचं कोणाचं?

मी कुवेतला नर्स आहे, मूळची मिरजेची. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे उपासना शुक्रवारी. एकाच आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या तास वाटून घेतात, एका हॉलमधून मल्याळम गीत संपतं न संपतं तोच दुसरीकडून फिलिपिनो गिटार. मी हिंदीला जाते. चांगलं असतं. पण प्रार्थना माझ्या डोक्यात मराठीतच होते, त्याला मी काय करू? आणि शुक्रवारी ड्यूटी लागली की तेही नाही.

रात्री तीन-साडेतीनला वॉर्ड शांत असतो. तुमच्याकडे तेव्हा सहा वाजतात. कानात एक इअरफोन घालून मी गावाकडच्या एका निवृत्त पाळकांचं ऐकते (भिंगारचे नव्हेत, दुसरे). ते काही फार मोठं बोलत नाहीत. कालच्या पावसाचं सांगतात, एखादं वचन, मग नावं घेऊन प्रार्थना. आमच्यासारख्या लांबच्यांची यादी त्यांच्याकडे आहे. माझे वडील आयसीयूत होते तेव्हा मला रजा मिळाली नाही. त्यांनी मला फोन करून धीर दिला आणि मिरजेच्या पाळकांना फोन करून वडिलांकडे पाठवलं. स्वतः गेले नाहीत, म्हणाले ती त्यांची मंडळी आहे.

ताई, तुमच्या पप्पांचं बंद करू नका. कोणासाठी बोलायचं ते फक्त ठरवा.

---

संपादक

धर्मांतराच्या वादावर घसरलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळे धागे आहेत, तिथे जागा भरपूर आहे. इथे विषयावर राहा.

---

काळा_कोट

कायद्याचं थोडं. हा सल्ला नव्हे, दिशादर्शन समजा. खरी कागदपत्रं घेऊन आपल्या वकिलाकडे जा.

पैसा. परदेशातून येणाऱ्या पैशाला विदेशी अंशदान कायदा २०१० लागतो. पाठवणारा भारतीय पासपोर्टवाला असेल, तिथे नोकरी करत असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देत असेल तर ते विदेशी अंशदान धरत नाहीत. पण तोच माणूस तिकडचा नागरिक झाला असेल तर धरतात, मग तो तुमच्याच मंडळीत वाढलेला असो, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) असो. धार्मिक कार्यासाठी असा पैसा घ्यायचा तर गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. निवृत्त पाळकाच्या बचत खात्याचा क्यूआर जगभर दाखवणं म्हणजे आ बैल मुझे मार. भावाला सांगा, क्यूआर नको. कोणाला द्यायचंच असेल तर त्याने आपल्या मंडळीच्या दानपेटीत टाकावं.

लग्न. आज ना उद्या कोणीतरी विचारेल, "साहेब, व्हिडिओ कॉलवर लग्न लावा, मुलगा जर्मनीत आहे." भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. साक्षीदार समोर लागतात, वेळसुद्धा साधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी बांधलेली आहे. लग्न लावण्याचा परवाना निवृत्तीनंतर चालू आहे का, हे आधी तपासा. आशीर्वादाची प्रार्थना खुशाल करा, लग्न नाही.

गीतं. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. टिळकांची पदं कधीच मोकळी झाली. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, त्यांचं बायबल भाषांतरही मोकळं. अडकतं ते रेकॉर्डिंगमध्ये. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, प्रकाशनापासून साठ वर्षं. तुमच्या व्हिडिओत मागे कोणाच्या तरी सीडीतलं गीत लावलं असणार, म्हणून दावा आला. तेच पद पप्पांनी स्वतः पेटीवर म्हटलं तर कोणी काही म्हणू शकत नाही, मात्र चाल नव्या संगीतकाराची नको. आणि रोज वाचतात त्या प्रचलित मराठी बायबलचे हक्क बायबल सोसायटी ऑफ इंडियाकडे आहेत. चार ओळी वाचून त्यावर बोलण्याला हरकत येत नाही, पण पूर्ण पुस्तकं वाचून टाकायची असतील तर लेखी परवानगी मागा.

---

भिंगारची_पोर

सीडीतलंच गीत होतं! भावाने टाकलं होतं, "भारदस्त वाटतं" म्हणून. क्यूआरचा विषय संपला, तो आता तोंड लपवून बसलाय.

---

पेन्शनीतला_मेंढपाळ

मुलगी, सलाम. मी स्वतः निवृत्त पाळक. विदर्भातला. तुझ्या वडिलांना ओळखत नाही, पण त्यांची सकाळ ओळखतो.

निवृत्तीबद्दल शास्त्रात काही नाही असं आम्ही पाळक नेहमी म्हणतो आणि खुर्ची धरून बसतो. आहे. बायबलमधलं गणना, अध्याय आठ, शेवटची वचनं. लेव्यांनी (देवाच्या मंडपाची सेवा करणाऱ्या कुळातल्यांनी) पन्नाशीला सेवेच्या कामातून निघावं, पुढे ते काम करू नये, पण दर्शनमंडपात आपल्या भाऊबंदांबरोबर राखणीला हातभार लावावा. या दोन ओळींवर मी चाळीस वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. आता रोज आठवतात.

त्यात दोन गोष्टी आहेत. एक, काम संपतं. रविवारचा उपदेश, प्रभुभोजन, बाप्तिस्मा हे मंडपातलं मुख्य काम, ते ज्याच्याकडे सोपवलं त्याचं. दुसरी, माणूस संपत नाही. राखण चालू राहते. आता राखण म्हणजे काय, हे प्रत्येकाने आपल्या गावात शोधायचं. मी काय करतो ते सांगतो.

मी कॅमेऱ्यासमोर येत नाही. दर मंगळवारी ठरलेल्या वेळी फोनवर बसतो. गावातल्या पाळकाकडून मला आठवड्याची यादी येते. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या घरी मयत झालं, कोणाचा मुलगा पुण्याला गेला आणि खोलीवर एकटा आहे. मी फोन करतो, ऐकतो, प्रार्थना करतो, आणि काय समजलं ते पाळकाला कळवतो. जे गुपित म्हणून सांगितलं ते कळवत नाही. लोक निवृत्त माणसाजवळ जे बोलतात ते नेमणुकीवरच्या पाळकाजवळ बोलत नाहीत. घरातली दारू, जावयाचा त्रास, नोकरी गेली ते. कारण मी कमिटीच्या बैठकीत बसत नाही आणि माझी कोणाला भीती नाही. हे मला नोकरीत असताना कधी मिळालं नव्हतं.

पौल तुरुंगात होता तेव्हा त्याला मंडळ्यांपर्यंत जाता येत नव्हतं. त्याने पत्रं लिहिली. पण फिलिप्पैच्या मंडळीचा कारभार त्याने तुरुंगातून चालवला नाही, तिथे अध्यक्ष आणि सेवक होते, पत्राच्या पहिल्याच ओळीत तो त्यांना सलाम करतो. तुझ्या वडिलांनी चॅनेलवर दर वेळी "आपल्या पाळकांसाठी प्रार्थना करा" इतकं म्हटलं तरी पुष्कळ वारं फिरेल.

आणि एक. कॉमेंट बंद करा. म्हाताऱ्या पाळकाला कौतुकाची भूक फार असते. मला होती, म्हणून लिहितो.

---

करवीरकर_मास्तर

काका, पटलं. फक्त इतकंच म्हणतो की सगळे नवे पाळक यादी देतील असं नाही. काहींना निवृत्त पाळकाने फोन केलेलाही खपत नाही. आणि काही निवृत्त "मदत" या नावाखाली कमिटीचं राजकारण करतात, तेही पाहिलंय. इब्री लोकांस पत्रात एकत्र मिळणं सोडू नका असं लिहिलंय, ते दोघांनीही वाचावं.

---

खटपट्या

आता माझं खातं. तांत्रिक.

१. सकाळचं चिंतन यूट्यूबवर कशाला? आजीआजोबांना शोधता येत नाही, शेजारी भलतेच व्हिडिओ येतात. तुम्ही चॅनेलवर कमाई सुरू केलेली नसली तरी यूट्यूब जाहिरात दाखवू शकतं, आणि ती कुठली दाखवायची हे तुमच्या हातात नसतं. वचनाच्या आधी ज्योतिषाची जाहिरात लागलेली मी पाहिली आहे. (भावाला कमाईची स्वप्नं पडत असतील तर : हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास बघणं झाल्यावर जाहिरातीच्या पैशाचं दार उघडतं. तोवर त्याला दुसरं काम बघू दे.)

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ जण. संदेश ज्याला त्याला वैयक्तिक येतो, ग्रुपसारखा "आमेन आमेन 🙏🙏" चा पूर येत नाही. अट एकच : समोरच्याच्या फोनमध्ये पप्पांचा नंबर सेव्ह हवा, नाहीतर जातच नाही. लोकांची तक्रार येते "मला येत नाही", तेव्हा ९० टक्के वेळा हेच असतं.

२. आवाज. कॅमेरा कितीही साधा चालेल, आवाज स्वच्छ हवा. कॉलरला लावायचा वायरचा माइक काही शे रुपयांत येतो. बंद खोली, पडदे ओढलेले, कपड्यांचं कपाट उघडं ठेवलंत तर आवाज घुमत नाही. हसू नका, करून बघा.

३. लांबी. झूमचं फुकट खातं चाळीस मिनिटांनी बैठक तोडतं. मराठी उपदेशाच्या इतिहासात याहून मोठी सुधारणा झाली नसेल. रोजच्या चिंतनाला पाच-सात मिनिटं पुरेत.

---

पेन्शनीतला_मेंढपाळ

खटपट्या, प्रेषितांची कृत्ये वीस वाच. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा पोरगा झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून पडला. पौलाने त्याला उठवलं, वर गेला आणि पहाटेपर्यंत परत बोलला. आम्हा पाळकांना चाळीस मिनिटांत आवरायला सांगू नकोस.

---

नगरी_नग

😂 आजीला वाचून दाखवलं. ती म्हणते, "मग? भाषण चांगलं असंल."

---

रोखठोक

काकांची फोनवाली कल्पना आवडली हे कबूल. त्यात दाखवायला काही नाही म्हणून विश्वास बसतो. पण मग तिला "ऑनलाइन सेवा" कशाला म्हणायचं? फोन तर १९८० मध्येही होता.

---

रात्रपाळी

१९८० मध्ये कुवेतहून ट्रंककॉल लावून बघितला असतात तर कळलं असतं. माझ्या आत्या तेव्हा इथे होत्या. महिन्याला एक पत्र आणि शॉर्टवेव्ह रेडिओ, बस. तेव्हाही सेशेल्स बेटांवरून फेबा या ख्रिस्ती संस्थेचं रेडिओ केंद्र भारतीय भाषांत लागायचं. १९७० ला सुरू झालं, २००३ ला बंद पडलं. आत्या खरखरीतून ऐकायच्या, पण परत बोलता येत नव्हतं. आज मला परत बोलता येतं, फरक तोच आहे.

---

भिंगारची_पोर

धागा वर काढतेय. उशीर झाला, घरात पाहुणे होते.

पप्पांनी सगळे प्रतिसाद वाचले, चष्मा पुसून पुसून. पेन्शनीतल्या काकांचा वाचून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग बायबल काढून गणना आठ स्वतः वाचलं आणि म्हणाले, "हे मी वाचलं होतं, पण लेव्यांबद्दल वाचलं होतं."

दुसऱ्या दिवशी नव्या पाळकांकडे गेले. मी गाडीवर सोडलं, आत गेले नाही. बाहेर पार्सनेजच्या पायरीवर बसले, त्या घरात मी दहावी केली आहे. तासाभराने दोघं हसत बाहेर आले, पण सगळं मिटलं असं समजू नका. ठरलं ते एवढं : रविवारचा उपदेश बंद. सकाळचं चिंतन यूट्यूबवरून व्हॉट्सॲप यादीवर, आणि त्या यादीत शेवटच्या मंडळीतले लोक नसतील, त्यांच्यासाठी त्यांचे पाळकच पाठवतील. यावरून आत्ताच रुसवे सुरू झालेत. एका काकूंनी फोन करून पप्पांना ऐकवलं की तुम्ही आम्हाला सोडलंत. पप्पा त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

अंथरुणावरच्यांसाठी नवे पाळक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी प्रभुभोजन घेऊन जातील, पप्पा बरोबर असतील, गाडी आमची. पप्पा फक्त वचन वाचणार. कमिटीतल्या काहींना हेही आवडलेलं नाही, "जुन्याला परत आत घेताय" म्हणे. असो.

चॅनेल मात्र बंद केलेलं नाही, त्याचं काम बदललंय. हे नव्या पाळकांनीच सुचवलं. त्यांनी पप्पांना विचारलं, 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातल्या कितीतरी पदांच्या जुन्या चाली मला माहीतच नाहीत, आम्ही सेमिनरीत गिटारवर शिकलो, तुम्ही शिकवाल का? पप्पांचे आजोबा ख्रिस्ती कीर्तन करायचे. कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात नगरला ते सुरू केलं, त्याच वळणाचं. त्यामुळे साक्या, दिंड्या, ओव्या, अभंग, सगळं पप्पांच्या गळ्यात आहे. कुठली ओळ कुठल्या ठेक्यावर, ध्रुवपद किती वेळा घ्यायचं, खेड्यातल्या बाया कुठे वेगळं वळण घ्यायच्या. पुस्तकात नुसते शब्द छापलेत, चालीचं नाव असलं तरी ती चाल म्हणणारं माणूस उरलेलं नाही. आता पप्पा पेटी घेऊन बसतात, एक पद, आधी सावकाश, मग ठेक्यात, मग त्या पदाबद्दल दोन वाक्यं. उपदेश नाही. (दोन वाक्यांची कधीकधी बारा होतात.)

कॉमेंट बंद केल्यात. पप्पा दोन दिवस विचारत होते, कोणी काही लिहिलं का गं.

---

खिळेजुळारी

वा! हे फार मोलाचं काम आहे, आणि हे फक्त धार्मिक नाही. मराठी छंदांच्या गायकीची ही एक पूर्ण शाखा आहे जिच्याकडे बाहेरच्यांनी कधी पाहिलंच नाही. प्रत्येक व्हिडिओखाली पद, कवी, वृत्त, चाल कोणाकडून शिकले आणि कुठल्या गावची, हे लिहून ठेवा. जमल्यास मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर. चॅनेल उद्या असेल नसेल.

---

काळा_कोट

आणि कवी टिळकांच्या नंतरचा असेल तर मृत्यूचं साल बघून घ्या. साठ वर्षं झाली नसतील तर घरच्यांना विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतील.

---

रात्रपाळी

यादीत माझा नंबर घ्या. आणि पप्पांना विचाराल का, आमची आजी दळताना एक ख्रिस्ती ओवी म्हणायची, शेवटाला "बेथानी गावा" असं काहीतरी यायचं. मला तेवढंच आठवतंय. मार्था-मरियेची असेल.

---

भिंगारची_पोर

पप्पा म्हणतायत तीन-चार ओव्या आहेत त्या गावाच्या, आजी कुठल्या तालुक्यातली ते सांगा, मग चाल सांगतो.

---

रात्रपाळी

आजी माहेरची जतची. सासर मिरज.

---

भिंगारची_पोर

जत म्हटल्यावर लगेच पेटी काढली. आता म्हणतायत, उद्या नको, आत्ताच रेकॉर्ड कर.

---

खटपट्या

पंखा बंद करा आधी.